कशानं घासता?

"कशानं घासता?"

महाडात आमच्या डॉक्टरांकडे ज्याने म्हणून दात दाखवला असेल, त्याला हा प्रश्न आठवत असणारच. नाव, गाव, कुठे दुखतंय, हे सगळं नंतर. पेशंट खुर्चीत टेकला आणि त्याने आ केला, की डॉक्टर आत डोकावत आणि आधी हेच विचारत. मग समोर कारखान्यातला मोठा साहेब असो नाहीतर डोंगरावरून उतरलेली म्हातारी. कोणी राख म्हणे, कोणी मशेरी, कोणी कोळसा. एखादा ऐटीत पेस्टचं नाव घेई. डॉक्टर आरसा जरा आत सरकवून म्हणत, "पेस्ट? बरं. आणि पेस्टच्या आधी?" मग तोंडातून मशेरी बाहेर पडे.

मी त्यांच्या दवाखान्यात लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि दवाखाना बंद झाला तेव्हा माझ्या मुलीला मुलगी झाली होती. नंबर लावणं, हत्यारं उकळणं, कवळीच्या साच्यासाठी प्लास्टर कालवणं ही माझी कामं. चौथं काम म्हणजे मागच्या खोलीत कोणाला जाऊ न देणं. त्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटात जर्मन सैनिकांची पदकं आणि बिल्ले होते. महाडसारख्या गावात, दाताच्या डॉक्टरकडे, जर्मन सैनिकांचे बिल्ले! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं की डॉक्टर चांगले आहेत, पण थोडे सरकलेले आहेत. आई म्हणाली, पगार वेळेवर देतात ना, मग सरकू देत.

ह्या वेडाची सुरुवात म्हणे सोनाराच्या दुकानात झाली. दातांवर बसवायच्या सोन्याच्या टोप्यांच्या निमित्ताने डॉक्टरांचं सोनाराकडे जाणंयेणं असे. आमच्या ह्या भागात पलटणीत गेलेली माणसं घरोघर. त्यातल्याच एका घरातला कोणी काकाच्या ट्रंकेत सापडलेला, लढाईतून आणलेला एक जर्मन क्रूस मोडायला घेऊन आला होता. मधे काळं लोखंड, भोवती चांदीचा काठ. सोनाराने लोहचुंबक लावून पाहिलं आणि म्हणाला, काठ काढून घेतो, मधलं फेकून देतो. डॉक्टरांनी तो अख्खा क्रूस चांदीच्या भावाने विकत घेतला, घरी आणला आणि दात बघायच्या भिंगाखाली धरला. ते सांगायचे, "शैलाताई, ते भिंग मी जेवायच्या वेळेपर्यंत खाली ठेवलंच नाही." जेवायची वेळ विसरणारा माणूस नव्हता तो, म्हणून मला ही गोष्ट खरी वाटते.

पुढे त्यांचं नाव पसरलं. पुण्या-मुंबईचे हौशी लोक खिशात डबी घेऊन येऊ लागले. बाजारात नकली माल फार, आणि नकली ओळखायला दाताच्या डॉक्टरइतका लायक माणूस नाही, असं त्यांचं म्हणणं. "आपण कवळी ओततो ना, तसेच हे लबाड लोक बिल्ला ओततात. तुम्ही प्लास्टर नीट हलवत नाही तेव्हा त्यात बुडबुडे राहतात. तसेच यातही राहतात. खऱ्याला ठसा मारलेला असतो. कड बघा, बोटाला लागते." प्लास्टरचा टोमणा मला आणि माहिती पाहुण्याला, असं दोन्ही एकदम उरकायचं. निकाल एका शब्दात. "ठशाचा" म्हणजे खरा. "ओतीव" म्हणजे खोटा. फी घेत नसत. कोणी फारच खोदून विचारलं की म्हणायचे, "वस्तू बोलते तेवढंच मी बोलतो."

निकाल देताना आवाजात दयामाया नसे. "हा गेला, काढायचा," हे ज्या सुरात दाताबद्दल सांगत, त्याच सुरात "खोटा आहे" म्हणत. दूर गावाहून आलेल्या माणसाचा चेहरा पडे आणि मला उगाच त्याच्यासाठी चहा करावा लागे.

त्या बिल्ल्यांवरचं वाकड्या हातांचं चिन्ह पाहून काही जण खूश होत. "डॉक्टर, हे तर आपलंच स्वस्तिक!" डॉक्टर म्हणत, "आपलं नाही." तेवढंच. पण एकदा मात्र ते जास्त बोलले. बिरवाडीला खोली घेऊन राहणारा, कारखान्यात नवीन लागलेला एक तरुण दाढ दाखवायला आला होता. त्याला कपाटाचं कळलं. म्हणाला, "सर, एक द्या ना मला, जॅकेटवर लावतो. काय माणूस होता तो हिटलर! शिस्त म्हणजे शिस्त." डॉक्टरांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. "हे बिल्ले लावून फिरणाऱ्यांनी छावण्या बांधून माणसं मारली. बायका, पोरं, म्हातारे. आणि मेलेल्यांच्या तोंडातले सोन्याचे दात उपटून घेतले. त्या कामावर दातांचे डॉक्टर ठेवले होते. माझ्यासारखे, शिकलेले." तरुणाचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणून मी हे कोणाला देत नाही. माझ्या कपाटात आहे तोवर कोणाच्या छातीवर नाही. आता आ करा." पोराची दाढ त्यांनी इतक्या हलक्या हाताने भरली की तो जाताना पाया पडला.

तो गेल्यावर मी विचारलं, "मग वितळवून का टाकत नाही सगळं?"

"वितळवलं तर उद्या कोणी म्हणेल, असं काही झालंच नव्हतं," ते म्हणाले. "आणि खोटे इतके झालेत, की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. कोणीतरी निवडत बसायला पाहिजे."

त्या दिवसापासून मी त्यांना सरकलेले म्हणणं सोडलं.

सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा सगळं महाड फ्रिज आणि गाद्या वर चढवत होतं. डॉक्टर मांडीवर बिल्ल्यांची पेटी घेऊन वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी बसले होते आणि त्यांची दाताची खुर्ची खाली गटांगळ्या खात होती. तरी कपाटातला एक खण खाली राहिलाच. पाणी ओसरल्यावर चिखलात माखलेले बिल्ले मी काथ्या घेऊन घासायला बसले, तर त्यांनी माझ्या हातातून काथ्या काढून घेतला. "घासायचं नाही. नुसतं पाणी सोडायचं. घासलं की जे सांगायचं असतं ते निघून जातं." हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे फार आठवलं.

त्यानंतरच्या एका वर्षी, शिमगा होऊन गेल्यावर, ऊन तापायला लागलं असताना डोंगरातल्या कुडपण गावाहून एक म्हातारी आली. हातात छत्री, डोक्यावर पदर, पायांत प्लास्टिकच्या चपला. मी म्हटलं, "आजी, नंबर घ्या."

"नंबर कशाला गो? माजा दात नाय दुकत. दात ऱ्हायलेत कुटं?" ती म्हणाली आणि हसून तिने मला पुरावा दाखवला. मग चंचीतून एक फडकं काढलं, फडक्यातून एक बिल्ला. लांबट गोल, भोवती पानांची माळ, मधे शिरस्त्राण, त्यावर ते चिन्ह, मागे दोन तलवारी. चांदीसारखा लख्ख. "हितले डाक्टर खरा-खोटा सांगतात म्हनं."

डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. तिचं म्हणणं मी दारात उभी राहून ऐकलं. कुडपणला रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणसाला डोलीत घालून खाली उतरवत. बांबूला घोंगडी बांधायची, दोघांनी खांद्यावर घ्यायची. तिचा बाप ह्या कामात पटाईत. तो पलटणीत भरती झाला आणि समुद्रापलीकडे, इटलीच्या डोंगरांत गेला, तर तिथेही साहेबाने त्याला जखमी उचलण्याच्याच कामाला लावलं.

"एकदा एक जर्मन पोर पडलेला गावला. पोटाला लागल्यालं. बाप त्याला बी घिऊन आला खाली. लोकांनी इचारलं, शत्रूला कशाला आनतोस? त्यो म्हनायचा, डोलीत बसला की आपला काय नि त्यांचा काय, वजन तेवडंच." म्हातारीने पदराने नाक पुसलं. "त्या पोरानं छातीवरचा काडून बापाच्या हातात दिला. ह्यो."

आता अडचण अशी, की नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचं मुंबईकर मंडळ गावाच्या तोंडावर एक दगड बसवणार होतं. लढाईवर गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची. तिच्या बापाचं नाव गावकी घेत नव्हती. कागदपत्रं घराला आग लागली तेव्हा गेली. गावात म्हणत, तो कुठे लढायला गेला होता? त्याने बंदूक कधी धरली? कुठल्याशा गोदीत हमाली केली आणि बिल्ला मुंबईच्या बाजारातून घेऊन आला.

"जल्मभर त्याला थापाड्या म्हनलं, डाक्टर. मरताना बी. आता दगडावर नाव नाय म्हंजे दगडावर लिवल्यावानीच झालं, का ह्यो थापाड्या व्हता. तुमी नुस्तं सांगा, खरा का खोटा. मी गावकीला जाऊन सांगते."

डॉक्टरांनी बिल्ला भिंगाखाली धरला. उलटला. पुन्हा सुलटा केला. कडेवरून बोट फिरवलं, पाठ पाहिली. बराच वेळ गेला. म्हातारी त्यांच्या हातांकडे नाही, तोंडाकडे बघत होती.

"आजी, हा बिल्ला जखमी झालेल्या सैनिकाला देत असत," ते म्हणाले. "एक-दोनदा जखमी झाला तर काळा. जास्त वेळा झाला तर रुपेरी, त्याहून जास्त झाला तर सोनेरी. काळ्याची पाठ पोकळ असते, रुपेरीची भरीव. तुमचा बिल्ला रुपेरी आहे आणि पाठ पोकळ आहे. असा बिल्ला त्यांनी बनवलाच नाही."

"म्हंजे?"

"खोटा आहे."

म्हातारीने बिल्ल्यासाठी हात पुढे केला. मग "बरं" म्हणाली, बिल्ला फडक्यात बांधला, छत्री उचलली. मी चहा घ्या म्हटलं तर म्हणाली, "नको गो बाय, गाडी जाईल." दारातून उतरताना तिने छत्री उघडलीच नाही, तशीच उन्हातून चालत गेली.

मी त्या दिवशी डॉक्टरांशी भांडले. थोडं गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "गोड बोलून किडका दात राहतो का?" मी दिवसभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मे महिन्यात मुंबईकर आले, दगड बसला. नाव नव्हतं, हे मला पोलादपूरच्या एका पेशंटकडून कळलं. मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा अर्धा परत नेला.

मग पावसाळा आला आणि सरत आला. गणपतीच्या थोडं आधी दासगावचा एक म्हातारा मासेवाला आला. खुर्चीत बसला, आ केला. डॉक्टर डोकावले.

"कशानं घासता?"

"राखेनं. ल्हानपनापास्नं."

"म्हणूनच. बाबा, तुम्ही दात घासून घासून संपवलेत. वरचं कवच गेलं सगळं, म्हणून थंड लागतं. हे पिवळं दिसतंय तो तुमच्या दाताचा रंगच नव्हे." त्यांनी लहान आरसा आत घातला. "आतल्या बाजूला, जिथे तुमचं बोट पोचत नाही ना, तिथे अजून मूळचं..."

आणि ते थांबले. म्हाताऱ्याच्या तोंडात आरसा, त्यावर डॉक्टरांचा हात, आणि डॉक्टर भिंतीकडे बघतायत. मला वाटलं त्यांनाच काही होतंय. मी पुढे झाले.

"शैलाताई, त्या कुडपणच्या बाईंना मी विचारलंच नाही."

"काय?"

"कशानं घासता."

म्हातारा बिचारा आ करून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

डॉक्टरांचं म्हणणं असं. काळा बिल्ला म्हणजे काळा रंग दिलेला पत्रा. पाठ पोकळ. तो कोणी वर्षानुवर्षं घासला, तर रंग निघून जाईल आणि खालचा पत्रा लख्ख होईल. म्हणजे रुपेरी दिसणारा, पोकळ पाठीचा बिल्ला. ज्या माणसाने आयुष्यभर येईल त्याला एकच प्रश्न विचारला, त्याने तो नेमका तिथे विचारला नव्हता. तिच्या तोंडात दात असते तर विचारला असता, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत.

मी म्हटलं, गणपती होऊ द्या, निरोप पाठवू. ते म्हणाले, "गणपतीतच जायचं. मुंबईकर गावाला असतात, गावकी भरते. मी खोटं म्हणालो ते गावभर झालं असणार. आता खरं पण गावभर व्हायला पाहिजे." त्यांचे गुडघे तेव्हा जिनासुद्धा चढू देत नव्हते.

गौरी-गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे भाड्याची जीप. डोंगरात धुकं उतरलेलं, रस्त्याला जागोजाग पाणी. तिच्या वाडीपाशी जीप जात नव्हती. शेवटचा चढ डॉक्टर एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने मिळेल ते झाड धरून चढले. मधेच एकदा म्हणाले, "डोली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "उचलणारा तुम्ही खोटा ठरवलात." बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. पण त्यांनी मान हलवली, म्हणाले, "बरोबर आहे."

म्हातारी ओट्यावर बसून तांब्याचा हंडा घासत होती. आम्हाला पाहून उठायला लागली. डॉक्टरांना धाप लागलेली, नमस्कार नाही, चमत्कार नाही, खालूनच म्हणाले, "आजी, कशानं घासता?"

"चिंचंनं नि राखंनं. आनि कशानं?"

"आणि तो बिल्ला?"

"त्यो बी तसाच. दर दसऱ्याला. आदी आय घासायची, मंग मी." तिला ह्या माणसाचं काही कळेना. "आनला तवा काळाकुट्ट व्हता म्हनं. आय म्हनायची, लढायचा धूर बसलाय त्याच्यावर. तिनं घासून घासून काडला. निगता निगंना म्हनं."

डॉक्टर पायरीवर बसले.

"कुठे आहे तो?"

ती आत गेली. देवाच्या फळीकडे नाही, कोनाड्यातल्या डब्याकडे. तांदळात हात घालून तिने फडकं काढलं. "खोट्याला देवाजवळ कशाला ठेवू? टाकवत बी नाय." आणि मग खाली बघत म्हणाली, "डाक्टर, तुमी सांगितलंत त्या दिसापास्नं मी बापाच्या फोटुकडं नाय बगितलं. म्हनलं, गाव म्हनत व्हता ते खरं. आपल्याला बी फसवलंन त्यानं."

दूर गावाहून आलेल्यांचा पडे, तसा आज डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, बिल्ला उजेडात धरला. ह्या वेळी त्यांनी दर्शनी भाग पाहिलाच नाही. शिरस्त्राणाच्या कडेखाली, मागे टाचणीच्या सांध्यात, जिथे चिंच लावलेलं बोट पोचत नाही तिथे पाहिलं. मग भिंग तिच्या हातात दिलं.

"बघा. कडेखाली. काय दिसतं?"

तिने डोळा बारीक केला. "काळं दिसतंय कायतरी. मळ ऱ्हायला वाटतं. थांबा, काडते." आणि तिने खरंच चिंचेचा गोळा उचलला.

"हात लावू नका!" डॉक्टर ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला तो तेवढाच. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "तो मळ नाही, आजी. तो त्याचा रंग आहे. मूळचा. तुमच्या बापाने आणला तेव्हाचा. बिल्ला खरा आहे. चुकलं माझं."

म्हातारी बराच वेळ त्या ठिपक्याकडे भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी दातात बी चुकता काय?"

"चुकतो," डॉक्टर म्हणाले.

गावकी देवळात भरली होती. गणपतीच्या वर्गणीचा विषय चालू होता, तो थांबवला गेला. डॉक्टर उभे राहिले. त्यांना भाषण येत नाही. म्हणाले, "हा बिल्ला खोटा आहे, असं मी सांगितलं होतं. ती माझी चूक. हा खरा आहे. खोटा बनवणारा माणूस काळा बिल्ला पांढरा होईपर्यंत पन्नास-साठ वर्षं घासत बसत नाही. ते ह्यांच्या घरातच झालंय."

मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष हुशार गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "ठीक आहे डॉक्टरसाहेब. पण तो त्या जर्मनानेच दिला, हे कशावरून? बाजारात खरा मिळाला असेल."

मी मनात म्हटलं, आता एक वाक्य खोटं बोला. एकच. कोणाला कळणार आहे?

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "वस्तू बोलते तेवढंच मी बोलतो. कोणी दिला, कसा दिला, ते बिल्ला सांगत नाही. तो माणूस कसा होता ते तुम्हाला माहीत. तुम्ही गावातले."

म्हातारी खांबाला टेकून बसली होती, पदर तोंडाशी. मग मागे भिंतीला टेकलेला एक वयस्कर शेतकरी खाकरला.

"माजी आय अडली व्हती माज्या येळला," तो म्हणाला. "भर पावसात त्यानंच डोलीतनं नेली पोलादपूरला. वाटंत खाली नाय ठेवलीन. म्हनून मी हाय." थोडं थांबून म्हणाला, "त्यो थापा मारायचा रे बाकीच्या. वाघाच्या, भुताच्या. पन उचलल्याल्या मानसाची थाप त्यो नाय मारायचा. डोलीचं सांगताना त्याचा आवाजच येगळा व्हायचा. आपल्याला म्हाईत हाय सगळ्यांना."

"हाय," दुसरा कोणी म्हणाला. मग तिसऱ्याने आपल्या आजोबांचं नाव घेतलं. त्यांनाही कधी काळी त्याच खांद्यावरून खाली नेलं होतं. बोलताबोलता निम्मी गावकी निघाली, जिच्या घरातलं कोणी ना कोणी त्या डोलीत बसलेलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "खाली जागा आहे दगडावर."

पुढे नाव कोरलं गेलं. शेवटचं, जरा दाटीवाटीने, आणि ह्या वेळी कारागीर महाडचा, वेगळा असल्याने अक्षरही थोडं वेगळं. त्या दिवशी निघताना म्हातारीने बिल्ला डॉक्टरांपुढे धरला. "तुमच्या कपाटात ठेवा. हितं हुंदीर हायेत." डॉक्टरांनी तिची मूठ मिटवली. हा एक बिल्ला कोणाच्या कपाटात नसला तरी चालेल, म्हणाले. फक्त आता घासू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, बास. तिने देवाची शपथ घेतली. खाली उतरताना ते गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांच्या निकालाची पद्धत बदलली. कोणी डबी उघडली की भिंगाला हात लावण्याआधी विचारत, "हे घरात कुठे असायचं? कोण सांभाळायचं? कशानं घासता?" पुण्याचे लोक चक्रावून जात. काही वेळा तर निकालाऐवजी ते "मला सांगता येत नाही" म्हणत. आधी हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस डॉक्टर गेले. फार झिजले नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी शेवटची कवळी बसवली होती, आणि प्लास्टरमध्ये बुडबुडे आहेत म्हणून मला बोलले होते. त्यांची मुलगी परदेशातून आली, तिने कपाट एका संग्रहालयाकडे सोपवलं. चिठ्ठ्या लावलेल्या सगळ्या डब्या एकेक करून खोक्यात जाताना मी उभी राहून पाहिली. मला त्या खोलीत कोणाला जाऊ द्यायचं नव्हतं, ती सवय सुटत नव्हती. माझ्या वाट्याला त्यांचं भिंग आलं. ते माझं कशाला, पण मुलीला वाटलं, आणि मला नाही म्हणवलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. हे लिहायला सोपं आहे, दात दुखल्यावर कोणाकडे जायचं ते अवघड आहे.

म्हातारीला कोण सांगणार, म्हणून दसऱ्याला मीच कुडपणला गेले. आता जीप थेट गावाच्या तोंडापर्यंत जाते. उतरले तर दगडासमोर ती उकिडवी बसलेली दिसली. बाजूला पाण्याचा तांब्या, हातात काथ्या. दगडावरची नावं कोरून आत काळा रंग भरलेला आहे. सगळी नावं काळी कुळकुळीत. शेवटचं एक तेवढं पांढरं पडलेलं, आतला दगड दिसेपर्यंत. आणि ती ते अजून घासतच होती.

मी तिच्याशेजारी बसले. डॉक्टर गेले, हे सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"कशानं घासता?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिला कळलं. काथ्या खाली ठेवला, पदराला हात पुसले, माझा हात तिच्या ओल्या हातात घेतला.

"चिंचंनं," मग ती म्हणाली. "पन बिल्ल्याला नाय हां लावला हात. डाक्टरनी सांगितलंय."